आत्याबाईंनी गाळलेलं डिझेल

ये, अशी जवळ येऊन बस. तिकडं उंबऱ्याला टेकून एक कान माझ्याकडं अन् एक त्या फोनकडं, हे मला चालत नाही, सांगून ठेवते. सकाळी काय म्हणालीस तू? "आजी, गाडी सर्व्हिसिंगला टाकली, संध्याकाळी आणते." टाकली! जसे धोब्याकडं कपडे टाकावेत. तिथं थंड खोलीत बसून तू कॉफी पिणार, काचेपल्याड कुणीतरी तुझ्या गाडीच्या पोटात हात घालणार, आणि ती बरी झाली की मोबाइलवर निरोप येणार. तिच्या पोटात काय आहे हे तुला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसल्याची लाजही नाही. अवं, आमच्या घरी गाडीचं तेल बदलायचं म्हणजे घरचं कार्य असायचं. चूल लवकर पेटायची, शेजारी डोकावून जायचे, आणि दुपारपर्यंत कुणी ना कुणी रुसलेलं असायचं. सांगायला गेलं की तू मधेच उठून जातेस, म्हणून हे लिहूनच ठेवते. कागदावरूनही उठून जाता येतं म्हणा, पण कागदाला त्याचं वाईट वाटत नाही.

आमचं घर शेलूबाजारला, मोठ्या रस्त्याला लागून. पुढं माझ्या वडलांचं, म्हणजे बापूजींचं, किराणा दुकान, मागं आम्ही राहायचो आणि मधल्या अंगणात गाडी. हे अंगण आधी वाळवणाचं होतं. मुगवड्या, पापड, कुरड्या सगळं तिथंच वाळायचं. गाडी आली आणि वाळवण गच्चीवर गेलं, त्यावरून आई बापूजींशी कितीतरी दिवस मोजकंच बोलली. गाडी होती जुनी, कारंज्याच्या एका कापसाच्या जिनवाल्याकडची, मूळची पेट्रोलची. पेट्रोल महागलं तसं त्यानं तिचं इंजिन काढून टाकलं आणि कुठल्याशा टेम्पोचं डिझेल इंजिन तिच्यात बसवलं. बाहेरून मडमीण, आतून पिठाची गिरणी. सकाळी बापूजींनी ती सुरू केली की दुकानातल्या बरण्यांची झाकणं वाजायची, मांडणीवरची भांडी सरकायची आणि धुरानं सगळ्या आळीला कळायचं की शेटजी कुठंतरी निघाले. एकदा गावात नवी आलेली एक सून डोक्यावर दळणाचा डबा घेऊन आमच्या दारात उभी राहिली.

"गिरनी चालू झाली ना?"

"ही मोटर आहे, बाई," बापूजी म्हणाले.

"मंग दळत नाई का?"

बापूजींना राग आला, पण तिचं म्हणणं रास्त होतं. महिन्यातून दोनदा कारंज्याला जायचं आणि उरलेले दिवस तिची उस्तवार करायची, एवढाच त्या गाडीचा उपयोग होता. दळली असती तर निदान घरची गरज भागली असती.

बसस्टँडच्या बाजूला मिस्त्री होते, चांगले होते, रस्त्यावरच्या सगळ्या जीपा त्यांच्याकडं जायच्या. पण बापूजी गाडी तिकडं नेत नसत. आमच्या घरात बाहेरचं पाणी चालत नसे, बाहेरचं शिजलेलं चालत नसे, मग गाडीच्याच पोटात बाहेरचा हात कसा चालावा? "घरचं थे घरचं," असं म्हणून बापूजींनी पान्यांचा एक जुना संच आणला, आणि जिनवाल्यानं गाडीबरोबर दिलेलं पुस्तक काढलं. पुस्तक इंग्रजी. घरात शाळेत इंग्रजी शिकणारी मी एकटीच, म्हणून वाचायचं काम माझ्याकडं आलं. पहिल्याच दिवशी मी वाचलं की स्पार्क प्लग काढून स्वच्छ पुसावेत. बापूजी इंजिनाभोवती फिरले. वरून पाहिलं, वाकून पाहिलं, आरसा धरून पाहिलं. मग कमरेवर हात ठेवून म्हणाले, "चोरले! जिनवाल्यानं प्लग काढून घेतले!" दुसऱ्या दिवशी कारंज्याला जाऊन ते त्याच्याशी भरबाजारात भांडले. तिथं त्यांना कळलं की ते पुस्तक जुन्या पेट्रोलच्या इंजिनाचं आहे आणि डिझेलला तसले प्लग नसतातच. परत आल्यावर त्यांनी पुस्तक फेकलं का? नाही. "पैसे देऊन घेतलेल्या गाडीसंगं आलं आहे," म्हणाले, आणि पुढंही दर वेळी माझ्याकडून ते वाचून घेतलं. दसऱ्याला त्याची पूजासुद्धा होत असे.

तर हळूहळू बापूजी शिकले, आणि त्यांच्या हाताखाली मी शिकले. बापूजी धोतर नेसायचे, त्यामुळं गाडीखाली शिरायचं काम माझं. परकर खोचून, गोणपाटावर उताणी पडून मी इंजिनाचं खालचं बूच सैल करायची, आणि काळंभोर तेल जुन्या परातीत पडायचं. ती परात आईच्या माहेरची, इंझोरीहून आलेली, म्हणून त्यावरही एकदा अबोला झाला होता. हवेची जाळी आई स्वतः रॉकेलमध्ये धुवायची. तिचं म्हणणं, पोरीच्या हातानं धुतलेली जाळी स्वच्छ निघत नाही. जळकं तेल मागायला शेजारी यायचे. बैलगाडीच्या आसाला घातलं की चाक कुरकुरत नाही, आणि कुडाच्या मेढींना लावलं की वाळवी लागत नाही. पण आम्ही पडलो जैन. वाळवी मारायला तेल कसं द्यायचं? म्हणून बापूजी प्रत्येकाला खोदून विचारायचे, "कायले पाह्यजे?" आणि प्रत्येकजण सांगायचा, "आसाले, शेटजी, आसाले." ज्यांच्याकडं बैल नव्हते, गाडी नव्हती, तेही आसालाच न्यायचे. बापूजींचं समाधान व्हायचं. धर्म राहायचा आणि शेजारही राहायचा.

सगळ्यात अवघड काम म्हणजे हवा काढणं. डिझेलच्या नळीत हवा शिरली की इंजिन चालत नाही. मग फिल्टरवरचा स्क्रू जरा सैल करायचा आणि बाजूचा छोटा हातपंप दाबत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग निखळ डिझेल. निखळ आलं की स्क्रू आवळायचा. हे काम मला बापूजींपेक्षा चांगलं जमायचं, कारण मला धीर होता आणि त्यांना दुकान होतं.

आता आत्याबाई. आत्याबाई म्हणजे बापूजींची थोरली बहीण. लवकर विधवा झालेली, आमच्याकडंच राहणारी, पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर. बापूजी तिला आक्का म्हणायचे आणि तिच्यासमोर त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. आमच्या घरच्या पाण्यावर तिची सत्ता होती. विहिरीचं पाणी ती दुहेरी फडक्यातून गाळायची. फडकं असं जाड की सूर्याकडं धरलं तर ऊन पलीकडं दिसता कामा नये. आणि गाळून झालं की काम संपत नसे. फडक्यात जे बारीक जीव अडकले असतील ते गाळलेल्या पाण्यानं अलगद धुऊन एका वाटीत घ्यायचे, आणि ते पाणी ज्या विहिरीचं होतं त्याच विहिरीत, दोरीनं खाली सोडून, हलकेच परत द्यायचं. याला आम्ही जिवाणी म्हणतो. ज्याचं घर त्याला परत. मला आजही ही रीत मोठी सुंदर वाटते, त्यामुळं पुढचं वाचून हसलीस तरी जपून हस.

मागच्या ओसरीवर बापूजींनी डिझेलचा ड्रम उभा ठेवला होता. त्यात हातानं फिरवायचा पंप आणि त्याची नळी तळापासून वीतभर वर थांबलेली. डिझेलमध्ये कचरा असला की नोझल चोंदतं, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून ते कपड्यातून गाळून पिप्यात घेत. पहिल्यांदा गाळताना आत्याबाई माळ ओढत ओढत तिथं आली.

"हे काय करून राह्यला रे?"

"डिझेल गाळून राह्यलो, आक्का. कचरा जाते."

"गाळ. गाळलंच पाह्यजे. पण फडकं एकेरी काहून?"

बापूजींनी फडकं दुहेरी केलं. आत्याबाईनं ते उन्हाकडं धरून पाहिलं. मान हलवली. मग विचारलं, "आन जिवाणी?"

"आक्का, हे डिझेल आहे. याच्यात कायचा जीव राह्यते?"

"कुठून येते हे?"

"जमिनीच्या पोटातून."

"आन पाणी कुठून येते?"

बापूजींनी पंपाचा दांडा सोडला आणि डोकं खाजवलं.

"तुले दिसत नाई म्हणून नाई का? पाण्यातले बी तुले दिसत नाईत. तरी रोज परत सोडतो ना आपण? का दिसत नाई म्हणून टाकायचे रस्त्यावर?"

आमच्या आळीत वकील नव्हता, पण असता तरी त्यानं इथं हातच टेकले असते. त्या दिवसापासून दर गाळणीला आत्याबाई गाळलेल्या पाण्याची वाटी घेऊन उभी राहू लागली. डिझेल गाळून झालं की फडकं उलटं करून पाण्यानं खळखळून धुवायचं, आणि ते पाणी त्याच ड्रममध्ये, हलकेच, परत. बापूजी धुवायचे, ती नमोकार म्हणायची, मी झाकण धरायची. तेल आणि पाणी एक होत नाही हे आईला रोज कढईत दिसत होतं. पण धर्माच्या कामात स्वयंपाकाचं डोकं कुणी चालवतं का? जड पाणी खाली बसत गेलं, डिझेल वर तरंगत राहिलं. पाणी नळीच्या तोंडाखाली होतं तोवर काही बिघडलं नाही. उलट बापूजी चारचौघांत सांगायचे, "आमची मोटर बी गाळून पिते." लोक कौतुकानं माना हलवायचे. अशा कौतुकावर माणूस किती वर्षं चुकीचं करत राहू शकतो, हे मी पुढं नोकरीतही पाहिलं, पण ते जाऊ दे.

मॅट्रिक झाले आणि मला अमरावतीला कॉलेजात जायचं होतं. सायन्सला. तिथं मुलींचं वसतिगृह होतं. बापूजींना मनातून हौस होती, पण आत्याबाईचं मत वेगळं होतं. कारंज्याला कापडाचं दुकान असलेलं एक घर तिनं हेरून ठेवलं होतं. "मोठी होऊन पुस्तकंच वाचायची आहेत ना? थे दुकानात बसून बी वाचता येतात," असं तिचं म्हणणं. बरीच घालमेल होऊन बापूजींनी निकाल दिला.

"सुमे, जायचं त घरच्या मोटरीनं जायचं. दारात मोटर उभी आन शेटजीची पोरगी एस्टीत लटकून चालली, हे मले गावात ऐकायचं नाई. आक्का संगं येईन. सोमवारी दाखल्याचा आखरी दिवस आहे म्हणतेस ना? सोमवारी पोचली त पोचली. नाई पोचली त यंदा कारंज्याची गोष्ट पुढं नेऊ."

म्हणजे माझं सगळं शिक्षण त्या टेम्पोच्या इंजिनावर येऊन बसलं. एस्टी रोज आमच्या दारावरून अमरावतीला जायची, वेळेवर जायची, पण तिच्यात बसणं आमच्या इभ्रतीला परवडणारं नव्हतं. गरिबाच्या पोरीला ही अडचण नसते, बघ.

रविवारी गाडीची सगळी सेवा झाली. मी पहाटेच गाडीखाली शिरले. अंगणात रॉकेल आणि फोडणी असा मिश्र वास. आत चुलीवर वाटेसाठी दुधातल्या दशम्या भाजल्या जात होत्या, बाहेर मी ग्रीसच्या पिचकारीनं एकेक सांधा भरत होते. तेल बदललं, जाळी धुतली, पट्टा ताणून पाहिला. बॅटरीत पाणी घातलं, तेही आत्याबाईनं उकळून दिलेलं. शेवटी बापूजी म्हणाले, "आता टाकी काठोकाठ भरू. वाटेत हात पसरायले नोको." ड्रम तळाला आला होता, म्हणून तो तिरका करून उपसला. पंप गुरगुरला, जे आलं ते गढूळ होतं, पण बापूजी खूश. "तळाचंच कसदार असते, तुपासारखं." दुहेरी फडक्यातून ते पिप्यात गेलं, पिप्यातून टाकीत गेलं. आत्याबाईनं जिवाणी केली. बापूजींनी बॉनेटवर कुंकवाचं बोट ओढलं. मी अंघोळ केली तेव्हा कानामागून ग्रीस निघालं, पण मन असं हलकं होतं की काय सांगू. इतकी काळजी घेतलेली गाडी उभ्या रस्त्यावर दुसरी नव्हती.

सोमवारी सकाळी निघालो. पुढं बापूजी, मागं मी आणि आत्याबाई, आमच्या मधे माझी ट्रंक. आत्याबाईच्या मांडीवर तिच्या पाण्याचा पितळी लोटा, कारण ती दिवसभर दुसरं पाणी घेणार नव्हती, आणि सूर्य बुडाल्यावर तर काहीच नाही. आई दारात उभी राहून हात हलवत होती. गाडी कारंज्यापर्यंत नीट गेली. कापडाच्या त्या दुकानावरून गेलो तेव्हा आत्याबाईनं खिडकीतून वाकून पाहिलं आणि मी मुद्दाम दुसरीकडं. नळीतलं, फिल्टरमधलं आधीचं चांगलं डिझेल तेवढं पुरलं. धनजच्या जवळ आलो आणि गाडीला ठसका लागला. मग दुसरा. मागून पांढरा धूर निघाला, इंजिन घणासारखं वाजलं आणि भर रस्त्यात गप्प झालं.

बापूजी उतरले, बॉनेट उघडलं. शेतातली धसकटं वेचणाऱ्या बाया काम टाकून बांधावर येऊन उभ्या राहिल्या. मोटारीचा मालक संकटात असला की बघणाऱ्याला उन्हाचा त्रास होत नाही.

"काय झालं वो, शेटजी?"

"काई नाई. हवा धरली असंन."

"पांढरं होऊन राह्यलं मांगून," एक बाई दुसरीला म्हणाली. "पोट बिघडलं वाट्टे मोटरीचं."

"वव्याचं पानी पाजा तिले!"

सगळ्या हसल्या. मी पाना घेतला, फिल्टरचा खालचा स्क्रू सैल केला आणि पंप दाबायला लागले. फेस नाही, बुडबुडे नाहीत. बोटांवरून जे वाहिलं ते थंड होतं, पातळ होतं. मी वास घेतला. बापूजींनी दोन बोटांत चोळून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे त पाणी आहे."

मी आत्याबाईकडं पाहिलं. बापूजींनीही पाहिलं. आत्याबाई गाडीच्या दारात पाय सोडून बसली होती.

"माह्याकडं काय पाहून राह्यले दोघं?" ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला उमगलं. "म्हणजे... वाटीतलं?"

"वाट्या वाट्या करत किती झालं, आक्का," बापूजी हळू आवाजात म्हणाले.

मला वाटलं आता ती खजील होईल. पण मी पुन्हा पंप दाबला, पाणी रस्त्याच्या तापल्या डांबराकडं निघालं, आणि आत्याबाई उडी मारून खाली आली. "थांब! सांडू नोको! जीव आहेत त्यातले! भाजून मरतीन!" तिनं आपला लोटा माझ्या तोंडाला लावला. "पी. सारं पी." मी प्यायले. रिकामा लोटा तिनं फिल्टरखाली धरला. तिचं दिवसाचं पाणी गेलं हे माझ्या फार नंतर लक्षात आलं. लोटा भरला, तरी पाणी थांबेना. मग दशम्यांचा डबा रिकामा केला. दशम्या बांधावरच्या बायांना वाटल्या, त्यांनी उभ्या उभ्या खाल्ल्या आणि चांगल्या झाल्या म्हणून सांगितलं. डबाही भरला. टाकीत अजून किती होतं देव जाणे.

"सारी टाकी पाणीच आहे, आक्का. हे सारं काढून टाकल्याबिगर गाडी हलत नाई."

"मंग काढून घ्या. पण टाकायचं नाई. जिथलं तिथं न्या लागीन."

"जिथलं तिथं म्हणजे शेलूबाजारले!"

"मंग तिथंच."

बापूजी मडगार्डवर टेकले. पाना खाली ठेवला. धोतराला हात पुसत, माझ्याकडं न पाहता म्हणाले, "चाल, सुमे. कोणाचा ट्रॅक्टर भेटला त बांधून घेऊन वापस जाऊ. यंदा नाई त... पाहू मंग."

ते "पाहू मंग" म्हणजे काय, हे मला कळत होतं. कापडाचं दुकान वाटेतच पडत होतं. पंपावरचा हात तसाच होता, आणि मी उगाच दाबत राहिले, दाबत राहिले, जसं काही माझ्या दाबण्यानं खालून अमरावती वर येणार होती.

कारंज्याकडून एस्टी येताना दिसली. लाल, धुळीत माखलेली, लांबूनच हॉर्न मारत. बापूजींनी तिकडं पाठ केली. इभ्रत अशी चीज आहे की रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीशेजारीही ती चालू असते.

आत्याबाई लोटा सांभाळत उभी होती. एकदम म्हणाली, "भाऊ, पाण्यातला जीव किती इंद्रियांचा रे?"

बापूजी वैतागले. "हे आता कायले, आक्का?"

"सांग ना."

"दोन. लय झालं त तीन."

"आन माणसाचा?"

"पाच."

"आन मन?"

"मन येगळं."

"मंग ह्या दोनवाल्यांपायी तिथं पाचवालीले कायले मारून राह्यला? थे पाह्य कशी पंप दाबून राह्यली. तिचं मन नाई दिसत तुले? पाण्यातले न दिसणारे मले दिसतात, आन तुले समोरची दिसत नाई!"

बापूजी काही बोलायच्या आत तिनं लोटा त्यांच्या हातात दिला, डोक्यावरचा पदर नीट केला, आणि त्या मोठ्या रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. पांढऱ्या लुगड्यातली एवढीशी बाई. एस्टी करकचून थांबली. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली.

"आजी, इथं थांबा नाई!"

"मी थांबली ना? तूबी थांब."

बांधावरच्या बाया पुन्हा हसल्या, पण या वेळी ड्रायव्हरला. आत्याबाईनं मला दंडाला धरून एस्टीत चढवलं, आत नजर फिरवली, आणि समोरच्या सीटवर लेकरू घेऊन बसलेल्या एका बाईला म्हणाली, "बाई, ही माही भाची. हिले कॉलेजात जायचं आहे. अमरावतीले हिले सोडल्याबिगर घरी जाशीन त पाह्य." ती बिचारी घाबरून हो म्हणाली. बापूजी अजून पाठमोरे होते. बस हलली तेव्हा मात्र ते धावत खिडकीशी आले. मला वाटलं आशीर्वाद देतात. ते म्हणाले, "अलीकडच्या खिडकीत बसू नोको. कोणी पाह्यन."

पाहिलंच. मागच्या सीटवर शेलूबाजारचा एक तेलवाला बसला होता. "अवं, शेटजीची सुमन ना तू? मोटर कुठं गेली?" मी म्हणाले, "मागून येऊन राह्यली." तो कारंज्यापासून बसमध्ये होता, त्यानं सगळं पाहिलं होतं, तरी विचारलं. गावाला उत्तर नको असतं, तुमच्या तोंडून ऐकायचं असतं.

कॉलेजची खिडकी उघडी होती. आतला कारकून चष्म्यावरून पाहत म्हणाला, "सोबत कोण आहे?" मी म्हणाले, "आत्या." "कुठं आहेत त्या?" "धनजपाशी, रस्त्यावर." त्यानं माझ्या हाताकडं पाहिलं. कोपरापर्यंत ग्रीस, नखांत काळं. जवळ ट्रंक नाही, पिशवी नाही. काय वाटलं त्याला कुणास ठाऊक. म्हणाला, "वडील उद्या आले तरी चालेल. नाव लिहून घेतो." आणि लिहिलं. लेकरूवाली बाई, जिला मी पुन्हा कधी पाहिलं नाही, तोवर दाराशी उभी होती. नाव लिहिलेलं तिनं स्वतः वाकून पाहिलं, वाचता येत नसूनही, आणि मग गेली.

बापूजी दुसऱ्या दिवशी जीपनं येऊन सही करून गेले, माझी ट्रंक मात्र गाडीतच राहिली. गाडी बैल लावून धनजपर्यंत आणि पुढं ट्रॅक्टरला बांधून शेलूबाजारला गेली, हे मला रविवारी कळलं. रविवारी वसतिगृहाच्या फाटकाशी कुणी भेटायला आलंय म्हणून मी धावत गेले, तर आत्याबाई! एकटी. काखेत बोचकं, पुढ्यात माझी ट्रंक, लुगड्यावर धूळ.

"कशानं आली?" मी विचारलं.

"एस्टीनं." आणि माझं तोंड उघडं पाहून म्हणाली, "आ वासू नोको. बरी राह्यते एस्टी. हवा येते. आन बंद पडली त ढकलायले माणसं असतात."

झाडाखाली बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. कारंज्याच्या स्थळाचं तिनं नाव काढलं नाही. त्या सोमवारी ती दिवसभर पाण्यावाचून होती आणि रात्री न जेवता निजली, हे आईनं मला दिवाळीला सांगितलं, तिनं नाही. जाताना फाटकाशी थांबली, इकडंतिकडं पाहिलं आणि मला कानाशी ओढून म्हणाली, "सुमे, इथले मास्तर लय शिकलेले आहेत म्हणतात. त्यायले एक इच्यारजो. डिझेलात जीव राह्यते का नाई, पक्कं. भाऊ म्हणते नाई राह्यत. पण त्याच्या म्हणण्यावर कसं जायचं? त्यानं त प्लगबी चोरीले गेले म्हणून सांगितलं होतं."

मी विचारलं. जीवशास्त्राच्या सरांना, भर वर्गात. सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "पाहावं लागेल," आणि डिझेलचा एक थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. माझ्या नंबरावर वाकून पाहताना मला काही दिसलं नाही, पण ते सांगायला मी आत्याबाईला पत्र लिहिलं नाही. पुढच्या खेपेला तिला थेट प्रयोगशाळेत नेलं. पदर सावरत, एक डोळा मिटून, ती त्या नळीत कितीतरी वेळ पाहत राहिली. मागं रांगेत मुली खोळंबल्या होत्या. मग मान वर करून म्हणाली, "आज नाई दिसत. उद्याचं कोण सांगावं?" मी पुढं पुष्कळ पुस्तकं वाचली, पण याहून खरं शास्त्र मला कुणी शिकवलं नाही. लिहिणंही कुणी शिकवलं नाही, ते तुला आतापर्यंत दिसलंच असेल.

बरं, पुरे. ऊन कलतंय, तुझी गाडी आता धुऊन पुसून तयार झाली असेल. जा, आण. आणि ऐक, पुन्हा यायला असे महिने लावू नको. पुढच्या रविवारी ये, सकाळीच ये, अन् जुने कपडे घालून ये. गोणपाट मी काढून ठेवते. मला आता खाली शिरता येत नाही, पण वर खुर्चीवर बसून कुठला पाना द्यायचा ते सांगता येतं. येजो बरं, लवकर.